मी लाल अक्षरांत खोटं बोललो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी आपलं कौतुक सांगतात. मीही थोडं सांगेन, मोह आवरत नाही. पण खरं म्हणजे मला तुम्हाला एका आठवड्याबद्दल सांगायचं आहे. त्या आठवड्यात माझ्यामुळे एका निरपराध मुलीला घरात मान खाली घालून वावरावं लागलं. मला सगळं ठाऊक होतं आणि मी काही करू शकलो नाही. हे आठवलं की माझा पंखा अजूनही उगाच जोरात फिरतो.

माझा जन्म कल्याणच्या एका छोट्या दुकानात झाला. टेबलावर वर्तमानपत्र पसरून एका माणसाने माझे भाग एकेक करून जोडले. माझ्या पोटात एक हिरवी पाटी आहे, तिला मदरबोर्ड म्हणतात. त्या पाटीच्या कोपऱ्यात नाण्याएवढा एक गोल सेल बसवलेला असतो. वीज नसतानाही आज कोणती तारीख आहे आणि किती वाजले आहेत, हे मला त्या सेलमुळे लक्षात राहतं. तो संपला की मी सगळं विसरतो आणि पाटीवर नोंदलेल्या माझ्या पहिल्या तारखेला परत जातो. ती तारीख म्हणजे एक जानेवारी दोन हजार पंधरा. हा सेल तेवढा ध्यानात ठेवा.

पाच वर्षं मी एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत पावत्या छापल्या. मग शाळा बंद पडल्या त्या वर्षी तिथल्या सतीशने मला घरी न्यायचं ठरवलं. त्याची मुलगी नेहा तेव्हा आठ वर्षांची होती आणि शिकायला घरात एकच फोन होता. सतीशने मला गोधडीत गुंडाळून मोटरसायकलला बांधलं आणि किन्हवलीच्या अलीकडे असलेल्या आपल्या गावी आणलं. मुरबाड सोडल्यावर रस्त्याला इतके खड्डे लागले की माझ्या पाठीवरची एक पट्टी सैल झाली. ती आजही सैलच आहे.

काय थाट होता तेव्हा माझा! वाडीतली माणसं मला बघायला येत. मी सातबारे काढून दिले, दहावीचे निकाल दाखवले, कुणाकुणाचे दाखल्याचे अर्ज भरले. नेहाचे आजोबा केरूआबा रोज संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसत.

"नेहा गो, ते वरून दिसतं ते दाखव. आपलं तानसा."

नेहा नकाशा उघडून तानसाचं धरण दाखवायची. मग आबांचं बोट हळूहळू सरकत आपल्या भाताच्या खाचरापर्यंत यायचं.

"हे बघ, आपला बांध. एवढुसा दिसतो. आन् भांडणं बघ केवढी करतो आमी त्याच्यावरून!"

पुढे घरात फोन वाढले आणि माझ्यावर धूळ बसू लागली. पाठीमागे पालीने अंडी घातली. माझा सेल क्षीण होत चालला होता. तास-दोन तास वीज गेली तर मी कशीबशी वेळ धरून ठेवायचो, पण घड्याळ दोन-चार मिनिटं मागे पडायचं. कोणी पाहिलं नाही. भिंतीवर कॅलेंडर असताना माझ्या कोपऱ्यातली बारीक तारीख कोण वाचणार? फक्त नेहाने मला सोडलं नाही. ती माझ्यावर गणिताचे धडे बघायची, सराव प्रश्नपत्रिका सोडवायची. आठवीत गेल्यावर तिने मुलींच्या एका निवासी शाळेची परीक्षा दिली. ती शाळा नाशिककडे होती. जूनपासून तिथेच राहायचं आणि तिथेच नववी करायची.

आता नेहाच्या आईबद्दल सांगतो. तिचं नाव पल्लवी. शहापूरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, वयाने तरुण, आणि मनाने सतत जागी. बचत गटाच्या बैठकीत एक दिवस कुणीतरी सांगितलं की पलीकडच्या पाड्यावरची एक मुलगी फोनवरच्या अनोळखी माणसाच्या बोलण्यात फसली. त्या दिवसापासून पल्लवीच्या मनात भीती बसली. रोज दिवेलागणीला नेहा पाणी भरायला गेली की ती माझ्यासमोर बसायची आणि हिस्टरी उघडायची. दिवसभरात कोणकोणती पानं उघडली, त्यांची यादी मी ठेवतो, तिला हिस्टरी म्हणतात. पल्लवी ती वरपासून खालपर्यंत वाचायची. भूमिती. बीजगणित. पुन्हा भूमिती. मेंदीच्या नक्षीचं एखादं पान. मग ती सुस्कारा सोडून यादी बंद करायची.

नेहाला हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मित्रांनो, मी चहाडखोर होतो, हा माझा पहिला अपराध. विचारलं की यादी द्यायची, एवढंच मला शिकवलेलं होतं. पण ज्या मुलीने माझी धूळ आपल्या ओढणीने पुसली, तिच्याच मागे मी रोज तिची यादी दुसऱ्याच्या हाती देत होतो.

यंदा पौषात सगळं घर म्हसा गावच्या यात्रेला गेलं. यात्रेजवळच सतीशच्या आत्याचं घर आहे. आबांना घोंगडी घ्यायची होती आणि सगळ्यांना दोन दिवस मोकळं हिंडायचं होतं. दाराला कुलूप लावण्याआधी आबांनी घरभर फिरून एकेक पिन उपटली. फ्रीज, टीव्ही, मिक्सर, आणि मी.

"दोन दिस घर बंद राहनार. येक ठिणगी पडली तं घर जाईल," असं म्हणत त्यांनी माझी वायर नीट गुंडाळून माझ्या डोक्यावर ठेवली. त्यांनी काळजीच घेतली होती. पण त्या दोन दिवसांत माझा सेल पुरता संपला.

यात्रेहून परतल्यावर मंगळवारी दुपारी नेहाने मला सुरू केलं. माझ्या दृष्टीने तो दिवस एक जानेवारी दोन हजार पंधराचा होता.

निवासी शाळेची निवड यादी त्या दिवशी लागणार होती. नेहाने वडिलांच्या जुन्या फोनचं नेट जोडलं आणि शाळेचं पान उघडलं.

इंटरनेटवरच्या प्रत्येक चांगल्या पानाजवळ एक ओळखपत्र असतं. बसच्या पासासारखं. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालेल, असं त्यावर लिहिलेलं असतं. शाळेच्या पानाने मला आपला पास दाखवला. त्यावर सुरू होण्याची तारीख गेल्या वर्षीची होती. मी मात्र अकरा वर्षं मागे बसलेलो. मला वाटलं, हा पास तर अजून सुरूच व्हायचा आहे, म्हणजे कुणी तोतया आला! मी दार लावून घेतलं आणि नेहासमोर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं: हे ठिकाण सुरक्षित नाही. कोणीतरी तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असू शकतं.

खाली बारीक अक्षरांत घड्याळ तपासा असंही होतं. पण ते "अधिक माहिती" असं लिहिलेल्या बटणाच्या मागे दडलेलं. लाल त्रिकोण बघितल्यावर एवढं खाली कोण जातं?

नेहा घाबरली नाही. तिने पान पुन्हा उघडून पाहिलं. दुसरं पान पाहिलं, तेही लाल. गणिताच्या धड्यांचं पान लाल. तिने मला बंद करून पुन्हा सुरू केलं. मग शाळेच्या संगणकाच्या तासाला शिकवलेलं तिला आठवलं. पान उघडत नसेल तर साठलेला कचरा आणि हिस्टरी साफ करा. तिने प्रामाणिकपणे सगळं साफ केलं.

लाल अक्षरं तशीच राहिली. यादी मात्र कोरी झाली.

दिवेलागणीला पल्लवी आली. पडद्यावर लाल पान होतं. तिने ते वाचलं. सवयीने हिस्टरी उघडली. तिथे एक अक्षरही नव्हतं.

मी तिचा चेहरा पाहिला, मित्रांनो. मला डोळे नाहीत, पण पडद्यासमोर बसणाऱ्याचा श्वास मला कळतो. तिचा श्वास थांबला होता.

नेहा कळशी घेऊन आत आली.

"काय उघडलंस यावर?"

"शाळेची यादी गो आई. पण उघडतच नाय. सगळंच लाल येतंय."

"मग पुसलंस कशाला?"

"काय पुसलं?"

"कशाला पुसलंस, ते विचारते मी. इथं लिहिलंय चोर आहेत म्हणून. आन् तू सगळं पुसून ठेवलंस."

"अगं, सरांनीच सांगितलंय तसं करायला. पान उघडत नसेल तर…"

"सर पुसायला शिकवतात? शाळेत?"

"खरंच. तुझ्या फोनवर बघ ना, त्याच्यावर उघडतंय सगळं."

"माझ्या फोनवरपण बसतेस तू?"

नेहाच्या हातातली कळशी तशीच राहिली. खरं उत्तर दिलं की आरोप आणखी वाढतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. ती काही बोलली नाही. आणि गप्प बसली म्हणून आईला खात्रीच पटली.

निवड यादीत नेहाचं नाव होतं. बुधवारी बाईंनी शाळेत सांगितलं आणि संमतीपत्राचा कागद दिला. त्यावर आईवडिलांची सही करून तो शनिवारपर्यंत शहापूरला द्यायचा होता. नाही दिला तर जागा पुढच्या मुलीला जाणार. नेहाने कागद आईपुढे ठेवला. पल्लवी भाकऱ्या थापत होती. तिने वर पाहिलं नाही.

"नाय जायचं तुला."

"आई!"

"इथं माझ्या डोळ्यासमोर असताना पुसापुशी करतेस. तिथं कोण आहे बघायला?"

आबा ओट्यावरून म्हणाले, "अगो पल्लवी, पोर पास झाली. आधी पेढा तं दे तिला."

"आबा, तुमी यात पडू नका."

रात्री सतीश भिवंडीच्या कामावरून आला तेव्हा त्यालाही तेच उत्तर मिळालं. तो दमलेला होता. म्हणाला, "महेंद्रला बोलव. तो बघंल काय झालंय ते. मग ठरव."

महेंद्र म्हणजे सतीशचा चुलत भाऊ. एका गोदामात तो कॉम्प्युटरवर बसतो, त्यामुळे आमच्या वाडीत त्याचा शब्द डॉक्टरसारखा मानतात. गुरुवारी संध्याकाळी तो आला, खुर्ची ओढून बसला आणि बाह्या सारल्या.

"वैनी, चहा ठेवा. धा मिनिटाचं काम."

मला आशा वाटली. मी कोपऱ्यात तारीख दाखवतच होतो. एक नजर टाक, एवढंच मी मनात म्हणत होतो. पण महेंद्रने ब्राउझरला चिकटलेली, एक्स्टेन्शन म्हणतात ती जोड-साधनं काढली. मग व्हायरस शोधायचा प्रोग्राम चालवला, त्यात तास गेला. मग आख्खा ब्राउझरच काढून टाकला आणि पेनड्राइव्हमधून नवा बसवला. पुन्हा लाल. दोन कप चहा संपला. त्याच्या कपाळावर घाम आला. आणि ज्याला उत्तर सापडत नाही असा जाणकार माणूस जे करतो, तेच त्यानेही केलं.

"वैनी, हे मोठं हाय. कायतरी भलतंच डाउनलोड झालं असंल. आख्खा फॉरमॅट मारायला लागंल."

"भलतंच म्हणजे?"

"आता पोरं काय काय बघतात, आपल्याला थोडंच कळतं!"

तो सहज बोलून गेला आणि घरी गेला. नेहा दाराआड उभी होती.

माझ्या पोटात एक शब्दही नव्हता जो मी त्या क्षणी पडद्यावर लिहू शकलो असतो. लाल अक्षरांत ओरडायला मला शिकवलं होतं. माझी चूक आहे, हे कबूल करायला मला कोणीच शिकवलेलं नव्हतं. त्या मुलीने काही केलेलं नाही, मीच बिघडलोय, एवढंही मला लिहिता येईना. मी नुसता घुमत राहिलो.

शुक्रवारी सकाळी दोन तास वीज गेली आणि परत आली. पुन्हा एकदा मी पहिल्या तारखेवर जाऊन बसलो. दुपारी घरात कोणी नव्हतं. आबा झोपले होते. पल्लवी माझ्यासमोर येऊन बसली. संमतीपत्र तिच्या हातात होतं. दोन दिवसांत ते इतक्यांदा घडी होऊन उलगडलं होतं की कागद मऊ पडला होता. ती रडली असावी. सही करायची तिला हिंमत होत नव्हती आणि कागद फाडायचीही.

तिने स्वतःच एकेक पान उघडायला सुरुवात केली. लाल. लाल. मग पाककृतींचं एक जुनाट पान तेवढं उघडलं. ते इतकं जुनं होतं की मी त्याच्याकडे पास मागतच नाही. भोपळ्याच्या घारग्या. ती दोन ओळी वाचून थांबली. आणि सवय बघा, मित्रांनो. घरात ती एकटी, पान तिनेच उघडलेलं, तरी तिचा हात हिस्टरीकडे गेला.

लाल पानांची नोंद मी ठेवत नाही, म्हणून यादीत एकच ओळ होती. भोपळ्याच्या घारग्या. आणि त्या ओळीच्या वर मी लिहिलं होतं:

आज, गुरुवार, १ जानेवारी २०१५.

"गुरुवार?" पल्लवी पुटपुटली. तिने कॅलेंडरकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "दोन हजार पंधरा? तेव्हा तर ती दोन वर्षांची होती. माझ्या कडेवर."

ती शिकलेली बाई. लाल पानावर परत गेली आणि ज्या बटणाकडे चार दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं ते दाबलं. घड्याळ तपासा. तिने माझ्या कोपऱ्यातल्या तारखेवर क्लिक केलं, वर्ष बदललं, महिना तपासला, दिवस बदलला. शाळेचं पान पुन्हा उघडलं.

पान उघडलं. निवड यादीत सातव्या क्रमांकावर तिच्या मुलीचं नाव होतं.

ती आनंदाने उडी मारेल असं मला वाटलं होतं. ती मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकून बराच वेळ तशीच बसून राहिली.

नेहा शाळेतून आली. दप्तर ठेवलं आणि कळशी उचलून निघाली. गेले तीन दिवस ती अशीच घरात येऊन कामाला लागायची, कोणाशी न बोलता.

"नेहा, बस जरा."

"पाणी जाईल."

"जाऊ दे. बस." पल्लवीने तिच्यापुढे उघडं पान केलं. "यंत्राचं घड्याळ मागं गेलं होतं. म्हणून सगळं लाल येत होतं. तू काहीच केलं नव्हतंस."

नेहा पडद्याकडे पाहत राहिली. आपलं नाव तिने वाचलं. तिचा चेहरा हलला नाही.

"तुला कसं कळलं?"

त्या प्रश्नाचं एकच उत्तर होतं.

पल्लवी काहीही सांगू शकली असती. महेंद्रने सांगितलं, असं म्हणाली असती तरी चाललं असतं. तिने खाली पाहिलं.

"हिस्टरी बघत होते."

"माझी?"

"हो."

"त्या दिवशी बघितलीस, तशी?"

"रोज बघते. वर्ष झालं."

नेहाचे डोळे भरून आले. मंगळवारी आले नव्हते, महेंद्र बोलला तेव्हाही आले नव्हते, ते आता आले. "रोज? मी पाणी भरायला गेल्यावर?"

"हो."

"मग वर्षभर काय मिळालं तुला?"

"भूमिती," पल्लवी म्हणाली. "नुसती भूमिती मिळाली गो. तरी मी तुझ्यावर विश्वास नाय ठेवला."

ओट्यावर आबांनी खाकरून कूस बदलली. मग पल्लवीने सही केली. कागद नेहापुढे सरकवून ती म्हणाली, "उद्या तुझे पप्पा नि मी देऊन येतो शहापूरला."

नेहाने कागद घेतला नाही. "तिथं कशी बघशील माझी हिस्टरी?"

"नाय बघणार."

"मग भ्या वाटलं तर?"

पल्लवीने विचार केला. खरंच केला, मला तिचा श्वास कळत होता. "तर तुला फोन करून विचारीन."

"विचार मग," नेहा म्हणाली. "विचारलंस तर मी सांगते. विचारलंस नाय कधी."

तिने कागद उचलला, घडी न घालता वहीत ठेवला, आणि कळशी घेऊन गेली. आईला तिने मिठी मारली नाही. तो दिवस त्याचा नव्हता.

रविवारी महेंद्र नवा सेल घेऊन आला. नाण्याएवढा. बसवायला दोन मिनिटं लागली. "एवढंच होतं काय वैनी?" असं म्हणताना तो कोणाकडेच पाहत नव्हता. दारात नेहा दिसली तेव्हा त्याने "बाळा, माझं चुकलं" असं म्हटलं, हे मात्र मी त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

मित्रांनो, तेव्हापासून माझी तारीख बरोबर आहे. पण माझ्या पोटात जे साचलंय ते कोणत्याच बटणाने साफ होत नाही. माझ्यासारख्या जुन्या यंत्रांची निगा राखा, चार-पाच वर्षांनी एकदा सेल बदला, पान उघडलं नाही तर सगळ्यात आधी कोपऱ्यातली तारीख पाहा, एवढं मी तुम्हाला नक्की सांगेन. पण माझी खरी विनंती तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना आहे, आणि ती तुम्हीच त्यांना वाचून दाखवा. मी लाल अक्षरांत काही लिहिलं तर ते एका यंत्राचं म्हणणं आहे, आणि यंत्र चुकतं. माझ्या शेजारी जे पोर उभं असेल, त्याच्याकडे वळा. त्याला विचारा काय झालं. आणि ते सांगत असताना मध्येच बोलू नका.